मगर स्वतःचीच पिल्लं खाते का?

बडोद्यात काळा घोडा पुलावरून विश्वामित्री नदीत बघत होते, मगरीच्या जबड्यात पिल्लं, दातांतून एकाची इवली शेपटी वळवळत होती, शेजारचे काका म्हणाले खातेय बघ, मला तर रडूच आलं. खरंच खाते का?

– नाही गं ताई, पाण्यात नेत असते! पिल्लं अंड्यातून ओरडायला लागली की घरटं उकरते आणि अलगद तोंडात धरून नेते. बापसुद्धा नेतो, हे सरीसृपतज्ज्ञ रोम व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी मद्रास क्रोकोडाइल बँकेत, म्हणजे मगरींच्या संवर्धन केंद्रात, बघून नोंदवलंय, ते केंद्र १९७६चं.

– शिवाय नर की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं! २०२४च्या पुरात आमच्या गल्लीत एक आली, लोक काठ्या घेऊन धावले, फार वाईट वाटलं. वनखात्याला फोन करा ना.