पावसाळ्यात पटाश्यांना गंज: नारळाचं तेल चालत नाही, मग काय लावू?

वेंगुर्ल्याची पडवी
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी सावंतवाडीच्या चितारआळीतल्या एका जुन्या कारागिराकडून कोरीवकामाची हत्यारं घेतली. गोल पटाश्या, दोन तिरक्या, काही बारीक कोरण्या. पोलाद एक नंबर, धार लावली की शिवणीचं लाकूड लोण्यासारखं निघतं. काम चालतं घराच्या पडवीत, वर पत्रा, मागे चिऱ्याची भिंत. समुद्र जवळच.

उन्हाळाभर काही त्रास नव्हता. मिरग लागला आणि आठवड्याभरात पात्यांवर तांबूस ठिपके. शेजारच्या आबांनी सांगितलं, नारळाचं तेल लाव. लावलं. आता तेलाला खवट वास येतो, मुंग्या येतात, आणि मुठीच्या तोंडाशी बसवलेल्या पितळी शेंबीच्या (कड्याच्या) कडेला हिरवट रेघ धरली आहे. हत्यारं कॅनव्हासच्या गुंडाळीत बांधून भिंतीला टांगलेली असतात. त्यांना लावायचं काय, ठेवायचं कुठे? कोणी म्हणतं सिलिका जेल (ओल शोषणारे मणी), कोणी म्हणतं कपाटात बल्ब लावा. स्वस्तातलं सांगा.

रंधा_आणि_चहा
डब्ल्यूडी-४० मारा आणि विसरा.

देवगडकर फिटर
विसरू नका हो. तो स्प्रे पाणी हाकलायला आहे, महिनोन्‌महिने राखण करायला नाही. त्याचा थर पातळ असतो आणि बराचसा उडून जातो. भिजलेलं हत्यार सुकवायला झकास, पण त्यावर दुसरं काहीतरी लागतंच.

माझी सगळी नोकरी पिंपरीला टूलरूममध्ये गेली. तिथे गंजाची भीती कोणाला नव्हती. निवृत्त होऊन देवगडला आलो तेव्हा कळलं की गंज म्हणजे काय.

पहिलं म्हणजे ती गुंडाळी आणि ती भिंत. चिरा म्हणजे जांभा दगड, तो पावसाळाभर पाणी पितो आणि कॅनव्हास ते पाणी धरून ठेवतो. म्हणजे तुम्ही हत्यारं ओल्या फडक्यात बांधून ठेवताय. त्यात खारी हवा. मीठ स्वतःच ओल ओढून घेतं आणि गंजाला वेग देतं. तेल कितीही भारी असू दे, अशा जागी ते हरणारच. चामड्याची गुंडाळीही नको, कमावताना त्यात राहिलेली आम्लं आणि क्षार पोलादाला बाधतात.

दुसरं, तेल. नारळाचं, गोडं, कुठलंही खायचं तेल नको. दमट हवेत ते खवट होतं, म्हणजे त्यात आम्ल सुटतं. तुमच्या शेंबीवरची हिरवट रेघ त्याच आम्लाने पितळेतलं तांबं खाल्ल्याची आहे. जवसाचं तेल मुठीला उत्तम, पात्याला नाही, ते वाळून चिकट साल धरतं. शिलाई मशीनचं तेल घ्या. खनिज तेल आहे, खवट होत नाही, आणि कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

पण तेल लावायच्या आधी पातं पुसा. हाताच्या घामात मीठ असतं. घामाच्या ठशावर तेल लावलं तर ठसा तेलाखाली कोंडला जातो आणि दोन दिवसांनी अंगठ्याची रेषन्‌रेष गंजात उमटलेली दिसते. काम संपलं की आधी कोरडं फडकं, मग तेलाचं फडकं. तेलाचं फडकं बरणीत झाकून ठेवावं, म्हणजे त्यावर भुसा बसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोल पटाशीला चाफर (धारेकडचा उतार) बाहेरून असतो, त्यामुळे आपण बाहेरची बाजू चकचकीत ठेवतो आणि आतली पन्हळ कोणी बघत नाही. धार म्हणजे या दोन बाजू जिथे मिळतात ती रेघ. पन्हळीत गंजाचा खड्डा पडला की बाहेरून घासत घासत तुम्ही एक दिवस त्या खड्ड्यापर्यंत पोचता आणि धारेला दातरा पडतो. मग प्रत्येक कापात लाकडावर एक बारीक रेघ उठते. म्हणून आधी पन्हळ पुसा, नंतर बाकीचं.

आत्ता जे ठिपके आहेत त्यांच्यासाठी: पन्हळीत बसेल अशी बांबूची गोल काडी तासा, तिला ४०० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळा, दोन थेंब तेल टाकून लांबीच्या दिशेने घासा, मग ८००. ग्राइंडरला लावू नका. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला म्हणून समजा. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवण्याचा सल्ला बरेच देतात, मी देणार नाही. आम्ल गंजाबरोबर बारीक धारही खातं.

कोरणीवाली_रत्नागिरी
फिटरकाका, तेलाबद्दल थोडं वेगळं मत. मी देवघराच्या चौकटी करते. तेलाचं बोट कोऱ्या लाकडाला लागलं की तिथे पॉलिश नीट धरत नाही. मी मेण वापरते. मधमाशीचं मेण गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं, शेगडीपासून लांब नेऊन त्यात साधारण तिप्पट टर्पेंटाइन घालायचं (टर्पेंटाइन पेट घेतं, आगीजवळ अजिबात नाही). थिजलं की मलम तयार. पात्याला पातळ चोळून पुसून टाकायचं.

आणि बाभळीचं किंवा खैराचं काम केलं तर पाती त्याच दिवशी पुसाच. त्या लाकडातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की निळसर काळे डाग पडतात, पात्यावरही आणि लाकडावरही. ओल्या भुशात हत्यार ठेवून जेवायलासुद्धा जाऊ नये.

वेंगुर्ल्याची पडवी
दोघांचेही आभार. गुंडाळी आजच काढतो. पण बल्बचं आणि सिलिका जेलचं राहिलं.

देवगडकर फिटर
रोजच्या हत्यारांना मेण, महिनोन्‌महिने न लागणाऱ्यांना तेल. ताईंचं पटलं.

बल्ब चालतो, पण जुना तारेचा १५ वॅटचा. एलईडी नको, त्याला ऊबच नसते. कपाटातली हवा ५ अंशांनी तापली तरी ९० टक्के आर्द्रता ७०च्या खाली येते. ७० म्हणजे कोरडी नव्हे, पण पात्यावर ओल धरणं थांबतं. बल्ब खालच्या खणात, भोवती जाळी, वीतभर अंतरात लाकूड किंवा कापड नाही. आणि आपल्याकडे वीज जाते हे धरून चला. कपाट गार झालं की ओल परत येते, म्हणून मेण-तेल सोडायचं नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे.

सिलिका जेल फक्त घट्ट डब्यात. फटींच्या कपाटात ठेवलं तर ते अख्ख्या वेंगुर्ल्याची हवा सुकवायला बसेल आणि दोन दिवसांत संपेल. रबरी रिंगचा डबा घ्या. मण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून परत वापरा. बाजारात ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते मात्र हत्यारांजवळ आणू नका. त्यात साठतं ते खारं पाणी असतं, सांडलं तर पाती गेलीच.

गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ओळख असेल तर बेअरिंगच्या खोक्यातला व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा) मागून बघा. बहुतेक जण फेकूनच देतात. डब्यात तळाला एक तुकडा घाला, झाकण घट्ट ठेवा.

रंधा_आणि_चहा
स्प्रेवाला सल्ला मागे घेतो. तो व्हीसीआय कागद कणकवलीत कुठे मिळेल का?