452001 चे मूळ अवयव कसे काढायचे?

प्रश्न (इंदूर): आपल्या जीपीओचा पिनकोड 452001 पाठशाळेतल्या मुलांना उदाहरण म्हणून द्यायचा आहे. अंकांची बेरीज 12, म्हणून 3 ने भाग जातो; 150667 उरतात. 452001 चे वर्गमूळ साधारण 672.3. म्हणजे 661 पर्यंतच्या सगळ्या 121 मूळ संख्या तपासायच्या?

राजवाडा (उत्तर): नाही हो. अवयव सापडला की मर्यादा नव्या भागाकारावरून ठरवायची, इथेच बहुतेकांचे श्रम वाया जातात. आधी 11 ची कसोटी लावा: 4−5+2−0+0−1 = 0, म्हणजे भाग जातो. 150667 ÷ 11 = 13697. याचे वर्गमूळ 117.03, म्हणून 113 वर थांबा. 13697 ला 11 ने पुन्हा तपासाच, 11 चा वर्गही अवयव असू शकतो. इथे बाकी 2 उरते. 83 ला बाकी 2, 107 ला 1: जवळ येतात, पण भाग जात नाही. 13697 मूळच आहे.

452001 = 3 × 11 × 13697. विभाजक 8, त्यांची बेरीज 4 × 12 × 13698 = 657504.

छत्रीबाग (दुसरे उत्तर): फर्माची वर्गांच्या फरकाची रीत (संख्या a² − b² अशी लिहून (a − b) आणि (a + b) हे अवयव काढायचे) मात्र इथे नको. 673² − 452001 = 928, हा वर्ग नाही; असं पुढे जात 6865² − 6832² सापडायला 6193 पायऱ्या लागतात, कारण 33 आणि 13697 एकमेकांपासून फार दूर आहेत. अवयव वर्गमूळाजवळ असतील तेव्हाच ती रीत झटपट चालते.

प्रश्नकर्ता: दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल?

राजवाडा: नाही. 3 आणि 11 दोन्हींना 4 ने भागल्यास बाकी 3, आणि दोघांचे घातांक विषम. असा एकही अवयव असला तर तशी बेरीज जमत नाही, म्हणून एवढं पुरेसं आहे.