स्वीडन : शिडाच्या बोटीने एका आठवड्यात कोस्टर बेटांपर्यंत जाऊन येता येईल का?

रानवारा

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये आम्ही दोन जोडपी ३४ फुटी शिडाची बोट भाड्याने घेतोय. मार्स्ट्रांडहून निघायचं, पश्चिम किनाऱ्यावरच्या बोहुसलेनच्या बेटाबेटांतून उत्तरेला कोस्टरपर्यंत जायचं आणि सातव्या दिवशी बोट परत करायची, असा बेत आहे. मी मुंबईत छोट्या डिंगीवर शिकलो आणि इथे आल्यावर मित्राच्या बोटीवर दोन उन्हाळे काढले. बाकी तिघं अगदी नवखे, त्यातल्या एकीला पोहता येत नाही.

नकाशावर मोजलं तर अंतर साधारण ६० सागरी मैल भरतं. ताशी ५ मैल धरले तर जायला बारा तास, यायला बारा तास. म्हणजे आठवडा भरपूर झाला, नाही का? शिवाय इथले लोक बेटाच्या खडकालाच बोट बांधून रात्र काढतात, ते आम्हाला जमेल का? कुणी केलं असेल तर सांगा.

तांडेलाची_लेक

कोस्टर सोडून द्या. का ते सांगते.

माझे वडील देवगडला तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे प्रमुख होते. मी अकरा वर्षं गॉथेनबर्गला आहे आणि त्यातले सात उन्हाळे मैत्रिणींबरोबर याच किनाऱ्यावर बोट काढली आहे. तुमचे बारा तास जातानाचे आहेत. उन्हाळ्यात इथे वारा बहुतेक नैऋत्येचा असतो. जाताना पाठीशी येतो, बोट सुखात पळते, सगळे खूश. परतीला तोच वारा तोंडावर. समोरून वारा असला की शिडावर सरळ जाता येत नाही, डावीकडे-उजवीकडे तिरकं कापत जावं लागतं आणि साठाचे ऐंशी-नव्वद मैल होतात. मध्ये एखादा दिवस जोराचा वारा सुटला तर तो बंदरातच जातो. मग बोट वेळेवर द्यायची म्हणून माणसं नको त्या हवेत बाहेर पडतात.

आम्ही पहिल्या वर्षी हेच केलं. स्मोगेनसमोर हॉलो बेटाचा दीपस्तंभ आहे, १८४२ पासूनचा. त्याच्या बाहेरच्या उघड्या समुद्रात चार तास लाटा खाल्ल्या. एक मैत्रीण केबिनमध्ये बादली धरून पडून होती. ती पुन्हा कधी बोटीवर आली नाही. त्या दिवशी निघायचं मी ठरवलं होतं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याऐवजी असं करा. पहिल्या दिवशी शिर्केसुंडच्या अरुंद सामुद्रधुनीतून मोलोसुंडला जा. दहा-बारा मैल, बराचसा आडोशाने. हे गाव चुकवू नका. पांढरी लाकडी घरं खडकाला चिकटून उभी आणि मासे वाळवायचे लाकडी मांडव. वर्सोवा-उत्तनला बोंबलाच्या वलांडी असतात ना, तसेच. इथे लांगा नावाचा मासा वाळवतात आणि तो नाताळात खातात. पहिल्यांदा ते मांडव बघितले तेव्हा मी धक्क्यावरून घरी फोन लावला होता. वडिलांनी एकच विचारलं, “पावसात काय करतत ते?”

पुढे शेरिंगोन, मग स्मोगेन, मग फ्येलबाका. शेरिंगोन अगदी जवळ, त्यापुढचे दोन टप्पे पंधरा मैलांच्या आसपास. स्मोगेनहून पुढे सोते कालव्यातून जा. तो १९३५ मध्ये पुरा झाला. खाणींतल्या पाथरवटांचं काम गेलं होतं, त्यांच्या हाताला काम म्हणून खडक फोडून खणला. त्यामुळे वाटेतला सगळ्यात वाईट उघडा समुद्र टळतो. फ्येलबाकाहून मागे फिरा. चौथ्या दिवशी कुठेही असलात तरी फिरा.

जुलैत अख्खं स्वीडन सुट्टीवर असतं, तेव्हा दुपारी दोनच्या आत बंदर गाठा. उशीर झालाच तर दुसऱ्या बोटीला बोट लावून बांधायची. लोक मनापासून दोर धरतात. फक्त त्यांच्या बोटीवरून धक्क्यावर जाताना डोलकाठीच्या पुढून जायचं, लोक बसतात तिथून नाही.

आता खडकाचं. जमेल, पण पहिल्या दिवशी नको. भरती-ओहोटीची काळजी नाही, ती इथे जेमतेम फूटभर. (कोकणातल्या माणसाला हे पचायलाच वेळ लागतो.) मागून नांगर टाकायचा, अगदी हळू खडकाकडे सरकायचं, पुढच्या टोकावरून, आमच्याकडे त्याला नाळ म्हणतात, एकाने दोर घेऊन पाऊल टाकायचं. उडी मारायची नाही. ओला काळा खडक म्हणजे साबण. मग फटीत कडीची लोखंडी पाचर ठोकून दोन दोर बांधायचे. वारा बेटावरून बोटीकडे येत असेल तरच तिथे थांबा. रात्री फिरणार असा अंदाज असेल तर बंदरात जा. आमचा वारा एकदा पहाटे तीनला फिरला आणि नाळ खडकावर आपटायला लागली. नेसत्या कपड्यांनिशी निघालो. जुलैत तेव्हा उजाडायला लागलेलं असतं, म्हणून निभावलं.

पोहता न येणाऱ्या ताईंना लाइफ जाकीट सतत, धक्क्यावरसुद्धा. पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जाकीट डोक्यावरून निघतं. जुलैतही पाणी फार तर १८ ते २० अंश असतं, हातपाय लवकर गळतात. निघायच्या आधी तुमच्यापैकी एकाने पाण्यात उतरून शिडी खालून हाताला येते का, ते बघा.

बर्फाळ_पुणेकर

मी स्टॉकहोमचा. नवख्यांना घेऊन जायचं तर आमच्या बाजूला या. सुमारे ३०,००० लहानमोठी बेटं, झाडी, आडोसा कुठेही. साँडहाम्न, मेया, उतो असा फेरा मारा. तिकडचे डंख मारणारे लाल जेलीफिशही नाहीत.

तांडेलाची_लेक

आडोशाचं खरं आहे, नवख्यांना तिकडे सोपं जाईल. पण त्या पाण्याला मीठ नावालाच, आणि उन्हाळा सरताना शेवाळ येतं. मला खारा वारा लागतो. शिवाय यांची बोट मार्स्ट्रांडला ठरली आहे ना?

रानवारा

ताई, ठरली आहे, आगाऊ पैसेही भरलेत. परतीच्या वाऱ्याचा विचारच केला नव्हता, खरंच. पण मित्राने बायकोला कोस्टरचे सील दाखवायचा शब्द दिलाय. आणि मासे पकडायला परवाना लागतो का?

तांडेलाची_लेक

सील दाखवा की. बोट परत करून एक दिवस जास्त राहा आणि स्ट्रोमस्टाडहून फेरीने कोस्टरला जा. आपलं जेवण पोटात राहील अशा अवस्थेत तिला ती बेटं बघू द्या. बेटं आणि किनारा यांच्यामध्ये २०० मीटरपेक्षा खोल, थंड, खारं पाणी आहे, त्यात प्रवाळसुद्धा आहेत. २००९ पासून तो सगळा भाग राष्ट्रीय उद्यान आहे.

समुद्रात गळाने मासे धरायला परवाना लागत नाही. कालवं मात्र उचलू नका, ती किनाऱ्याच्या मालकाची असतात. मॅकरेल मिळेल. पिसं बांधलेल्या गळांची दोरी घ्या, बोट हळू असताना मागे सोडा. आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, तिखलं फार छान होतं. तिरफळ इथे मिळत नाही, माझ्याकडे मागच्या मे महिन्यातली आहे. मार्स्ट्रांडला जाताना गॉथेनबर्गला थांबणार असाल तर निरोप करा, मूठभर देते.