मदत हवी आहे: डीव्हीडीवरची कॉमेंट्री लागत नाही

रिमोटकुठेय
जाणकारांनी जरा लवकर सांगा. मालिकेच्या संचावर ठळक अक्षरांत लिहिलंय की निवडक भागांना दिग्दर्शक आणि कलाकारांची कॉमेंट्री (भाग चालू असताना त्यावर केलेलं बोलणं, वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर) आहे. ऑडिओ बदलायला गेलं की एकच इंग्रजी दिसतं, दुसरं काहीच नाही. सेटिंग सगळी बघून झाली. डिस्क खराब म्हणावी तर चित्र एकदम स्वच्छ. गूगल केलं तर नुसत्या 'ऐकायलाच हव्यात अशा दहा कॉमेंट्री'. आज रात्री बघायचंय. आगाऊ धन्यवाद.

खाटखूट
प्लेयर कोणता?

सावध_श्रोता
डिस्क थेट लावताय की फाईल आहे? टीव्हीवर की कॉम्प्युटरवर? 'सेटिंग सगळी' म्हणजे कशातली? एवढ्या माहितीवर ज्योतिषीही हात टेकेल.

चकतीबहाद्दर
रिमोटवरच्या ऑडिओ बटणाच्या नादी लागू नका. बऱ्याच डिस्कवर ते मुद्दाम बंद केलेलं असतं. दाबलं की कोपऱ्यात हाताची किंवा फुलीची खूण येते. डिस्कवर कुठल्या जागी कुठलं बटण चालू द्यायचं हे ती बनवणारा ठरवतो. अशा वेळी कॉमेंट्री मेन्यूतूनच लावायची. सिनेमाच्या डिस्कवर ती 'स्पेशल फीचर्स' किंवा 'लँग्वेजेस'मध्ये सापडते. मालिकेच्या संचात मात्र मुख्य पानावर शोधत बसू नका, ती बहुधा त्या-त्या भागाच्या पानावर असते. आणि भाग संपून मेन्यूत परत आलात की निवड पुसली जाऊ शकते, पुढच्या भागाला पुन्हा लावून बघा.

रिमोटकुठेय
मेन्यू येतच नाही.

सावध_श्रोता
येत नाही म्हणजे? डिस्क घातली की थेट भाग सुरू होतो का?

रिमोटकुठेय
डिस्क कशाला घालू? सगळ्या डिस्क हँडब्रेकने (व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर) एमपी४ फाईली करून पेनड्राइव्हवर घेतल्यात, तो टीव्हीला लावतो. त्याने काय फरक पडतो?

बिटरेट
सगळा फरक तिथेच पडला. हँडब्रेकचे तयार प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेल्या सेटिंग) पहिला ऑडिओ ट्रॅक उचलतात आणि बाकीचे सोडून देतात. डीव्हीडीत ८ ऑडिओ ट्रॅक बसतात, पण तुम्ही सांगितलं नाही तर फाईलमध्ये एकच उतरतो. तुमच्या एमपी४मध्ये कॉमेंट्री लपलेली नाही, ती आलेलीच नाही. टीव्हीवर कितीही बटणं दाबा. डिस्क पुन्हा घालावी लागणार.

हँडब्रेकने डिस्क स्कॅन केली की टायटलच्या (डिस्कवरचे वेगवेगळे व्हिडिओ) यादीतून हवा तो भाग निवडा. सगळ्यात लांब टायटल बहुधा 'प्ले ऑल' असतं, ते नको. मग ऑडिओचं पान उघडून 'ट्रॅक्स'मधून 'ॲड ऑल रिमेनिंग ट्रॅक्स'. कॉमेंट्री ओळखायची खूण: मुख्य आवाज ५.१ (सहा चॅनेल) आणि ३८४ किंवा ४४८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), कॉमेंट्री सहसा २.० (स्टीरिओ) आणि १९२. कधी नावातच 'डायरेक्टर्स कॉमेंट्री' लिहून येतं. डीव्हीडीत प्रत्येक ट्रॅकला एक प्रकार-क्रमांक देता येतो. ३ म्हणजे दिग्दर्शकाची कॉमेंट्री, ४ म्हणजे दुसरी कॉमेंट्री, २ म्हणजे दृष्टिहीनांसाठीचा ट्रॅक. पण कित्येक डिस्कवर तो रकाना भरायची तसदीच घेतलेली नसते, मग ओळीने सगळे नुसते 'इंग्लिश'.

कोडेक (आवाज साठवायची पद्धत) 'एसी३ पासथ्रू' ठेवा म्हणजे आवाज पुन्हा दाबला (कॉम्प्रेस केला) जाणार नाही. दर वेळी हा उपद्व्याप नको असेल तर 'सिलेक्शन बिहेवियर'मध्ये सगळे ट्रॅक घ्यायला सांगून आपला प्रीसेट सेव्ह करा.

सावध_श्रोता
बिटरेट यांच्या खुणेवर पूर्ण विसंबू नका. जुन्या मालिकांत मुख्य आवाजही २.० आणि १९२च असतो. खात्री करायची तर आधी डिस्क कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडा, भाग सुरू झाला की 'बी' दाबत जा. दर दाबाला ट्रॅक बदलतो. संवादाच्या जागी कोणी गप्पा मारताना ऐकू आलं की तो कितवा ते लिहून ठेवा. डिस्कवर बटण बंद असलं तरी व्हीएलसी असल्या मनाईला फारसं जुमानत नाही.

एक मात्र करू नका: डिस्कवरची व्हीओबी (चित्र-आवाजाची) फाईल नुसती कॉपी करून उघडू नका. भाषेची आणि ट्रॅकची नावं आयएफओ फाईलमध्ये असतात. एकटी व्हीओबी उघडली की 'ट्रॅक १, ट्रॅक २' एवढंच दिसतं, आणि चित्रपट १-१ जीबीच्या तुकड्यांत तुटलेला.

चकतीबहाद्दर
मुळात हँडब्रेक हवंच कशाला? आधीच दाबलेलं चित्र पुन्हा दाबायचं आणि वर तासभर थांबायचं. मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने जसंच्या तसं एमकेव्ही फाईलमध्ये काढा. चित्र, सगळे आवाज, सबटायटल, काही बदलत नाही. त्यात झाडासारखी यादी दिसते, तिच्यातल्या प्रत्येक टायटलखाली ऑडिओच्या ओळी असतात, त्यातल्या हव्या त्यांवर टिक आहे ना एवढं बघा. भाषेच्या पसंतीमुळे काही टिका आपोआप निघालेल्या असतात. १२० सेकंदांपेक्षा छोटी टायटलं ते मुळातच गाळतं.

बिटरेट
आणि मग ती ६ जीबीची फाईल पेनड्राइव्हवर चढत नाही म्हणून नवा धागा. पेनड्राइव्हचं फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एकही फाईल त्यावर बसत नाही, जागा कितीही मोकळी असो.

चकतीबहाद्दर
मालिका आहे हो. ८.५ जीबीच्या डिस्कवर ४ भाग म्हणजे एक भाग २ जीबीच्या आसपास. सिनेमा असता तर गोष्ट वेगळी, तेव्हा एमकेव्हीटूलनिक्स या एमकेव्ही फाईल जोडा-तोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आकारानुसार तुकडे करता येतात. आणि जागेचीच चिंता असेल तर हिशोब करा: १९२ केबीपीएसने २ तासांची कॉमेंट्री साधारण १७३ एमबी होते. तेवढ्यासाठी ट्रॅक टाकून देणं म्हणजे पैज लावून नुकसान करून घेणं.

बिटरेट
ट्रॅक टाकून द्या असं मी कुठे म्हटलं? मी चित्राबद्दल बोलतोय. जुन्या मालिकांचं चित्र इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी साठवलेलं) असतं. टीव्हीचा पेनड्राइव्ह-प्लेयर ते नीट हाताळत नसेल तर हलत्या कडांना कंगव्याचे दात दिसतात. हँडब्रेक ते सरळ करून देतं, मेकएमकेव्ही देत नाही.

खाटखूट
चला, पॉपकॉर्न घेऊन बसतो.

अवांतरकर
अवांतर: कॉमेंट्री ही डीव्हीडीची देणगी समजतात, ती नाही. १९८४मध्ये क्रायटेरियन कंपनीने 'किंग काँग'ची लेझरडिस्क (डीव्हीडीच्या आधीची मोठी चकती) काढली, तिच्यावर रोनाल्ड हेवर यांचं बोलणं दुसऱ्या ऑडिओ ट्रॅकवर होतं. तिथून ही प्रथा. हेवर दिग्दर्शक नव्हते, चित्रपटांचे अभ्यासक होते, आणि माझ्या मते अभ्यासकाचीच कॉमेंट्री ऐकण्यासारखी असते. कलाकार एकत्र बसले की अर्धा वेळ 'हा शॉट बघ, काय थंडी होती त्या दिवशी' आणि खिदळणं.

नीलांबरी
असहमत. मालिकेत ते खिदळणंच कामाचं. पटकथा कुठे बदलली, कुठला संवाद सेटवर सुचला, कुठला प्रसंग एकाच टेकमध्ये घेतला हे लेखक आणि नट समोरासमोर असले की निघतं. अभ्यासक पुष्कळदा लिहून आणलेलं वाचतो. चित्रात दार उघडलं तरी त्याचं लक्ष कागदावर.

आणखी एक प्रकार असतो. लोकांना वेगवेगळं बसवून रेकॉर्ड करतात आणि नंतर जोडतात. कोणी कोणाला उत्तर देत नाही, आवाज एकदम पालटतो, यावरून तो ओळखता येतो. माहिती त्यात जास्त, गंमत कमी.

रिमोटकुठेय
वाद नंतर घाला. बाहेरचा ड्राइव्ह जोडून मेकएमकेव्हीने केलं. आता टीव्हीवर ३ इंग्रजी दिसतात. भाग १ला तिसऱ्यावर कॉमेंट्री येते, हुश्श. भाग २ला तिसरा लावला की एकदम मुका. चित्र चालू, आवाज शून्य. पुन्हा काढू का?

सावध_श्रोता
दुसऱ्यावर काय येतं?

रिमोटकुठेय
तेच संवाद, नेहमीचा आवाज. पहिल्यासारखाच.

सावध_श्रोता
मग पुन्हा काढून काही हाती लागणार नाही. पहिला ५.१ असेल, दुसरा त्याचाच स्टीरिओ. संचावर 'निवडक भाग' लिहिलंय, आणि भाग २ त्यात दिसत नाही. डीव्हीडीत ऑडिओच्या नोंदी एकेका भागाच्या नसतात, अख्ख्या टायटल सेटच्या (टायटलांच्या गटाच्या) मिळून असतात. ४ भाग एकाच सेटमध्ये बसवले आणि कॉमेंट्री एकालाच असली तरी तिसरी जागा सगळ्यांच्या नावाने राहते. कुठे ती जागा रिकामी, कुठे नुसती शांतता भरलेली. आत पुस्तिका असेल तर तीत भागांची नावं दिलेली असतात. नसेल तर डिस्क व्हीएलसीत लावून मेन्यूत कुठल्या भागासमोर कॉमेंट्रीचा पर्याय आहे ते बघा.

भाग २च्या फाईलमधून तिसरा ट्रॅक काढून टाका. एमकेव्हीटूलनिक्समध्ये फाईल ओढा, तिसऱ्या ऑडिओची टिक काढा, 'स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग'. मिनिटभराचं काम.

चकतीबहाद्दर
ते करताय तसं भाग १चंही उरकून टाका. त्याच खिडकीत ट्रॅक निवडला की उजवीकडे नावाचा रकाना आहे, तिथे 'कॉमेंट्री' लिहा. खाली 'कॉमेंट्री' नावाचा एक फ्लॅग असतो, तो 'येस'. आणि 'डिफॉल्ट ट्रॅक' फक्त मुख्य आवाजाला 'येस', बाकी दोघांना 'नो'. ही शेवटची गोष्ट लोक सोडतात, मग एखाद्या टीव्हीवर भाग सुरू होताच गप्पा सुरू.

मूळ_मुद्दा
ब्लू-रेच्या प्रतीवर जुन्या डीव्हीडीची कॉमेंट्री चढवायची असेल तर सांगतो. आधी दोन ठिकाणी दोन्ही प्रतींच्या वेळेतला फरक मोजा: पाचव्या मिनिटाला आणि संपायच्या पाच मिनिटं आधी. दोन्हीकडे सारखाच असेल तर नुसता डिले द्या, काम झालं. वाढत जात असेल तर वेगाचा घोळ आहे. पाल पद्धतीची (युरोप-भारतातली टीव्ही पद्धत) डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमने चालते, ब्लू-रे बहुधा २३.९७६ने. म्हणून २ तासांचा सिनेमा पाल डिस्कवर जवळजवळ ५ मिनिटं लवकर संपतो. ऑडिओ ०.९५९०४ पटीने संथ करायचा.

रिमोटकुठेय
ब्लू-रेचं कोणी विचारलं?

बिटरेट
विचारलं नसलं तरी अर्धवट राहू नये म्हणून. एफएफएमपेगमध्ये (कमांड लिहून चालवायचं ऑडिओ-व्हिडिओ सॉफ्टवेअर) त्याचे दोन रस्ते आहेत आणि चुकीचा घेतला तर बोलणाऱ्याचा आवाज बिघडतो. सिनेमासोबत कॉमेंट्रीही वेगात पळवलेली असेल तर आवाज जवळपास ०.७ सेमीटोनने चढलेला असतो. तिथे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८००० ऐवजी ४६०३४ धरून परत ४८०००वर आणायचा, वेग आणि पट्टी दोन्ही जागेवर येतात. कॉमेंट्री मुळात पाल चित्र बघूनच रेकॉर्ड केलेली असेल तर पट्टी बरोबर असते. तिथे 'एटेम्पो' फिल्टर वापरायचा, तो वेग बदलतो आणि पट्टीला हात लावत नाही. कुठला प्रकार आहे ते त्या माणसाची एखादी मुलाखत ऐकून ताडून बघावं लागतं.

मूळ_मुद्दा
+१. शिवाय दोन्ही प्रतींचं संकलन एकच आहे ना ते आधी बघा. एखादा प्रसंग जास्त असेल तर तिथून पुढे कुठलाच गुणाकार कामाला येत नाही, ट्रॅक कापूनच जोडावा लागतो.

खाटखूट
एवढ्या उठाठेवीपेक्षा ब्लू-रेवरचीच कॉमेंट्री ऐकावी.

मूळ_मुद्दा
असली तर. जुनी कॉमेंट्री नव्या प्रतीवर येतेच असं नाही. स्ट्रीमिंगवर तर बहुतेक वेळा नसतेच.

रिमोटकुठेय
भाग १ अर्धा ऐकून झाला. तिघं बोलतायत, मध्येच मूळ संवादही खालून येतात. प्रसंगात काय चाललंय ते कळत नाही आणि कोण बोलतंय तेही नाही. आणि मुख्य ट्रॅकवरून इकडे आलं की आवाज एकदम वाढतो.

नीलांबरी
मूळ संवादांचे सबटायटल लावा. कान कॉमेंट्रीला, डोळे संवादाला. भाग आधी एकदा साधा बघितलेला असला तर उत्तम, पण पाठ असायची गरज नाही. कोण बोलतंय हे पहिल्या दोन मिनिटांतच सांगतात, सुरुवात पुढे ढकलू नका. काही ट्रॅकवर एकाला डावीकडे, एकाला उजवीकडे बसवलेलं असतं; हेडफोन लावले की लगेच वेगळे होतात, टीव्हीच्या स्पीकरवर सगळा काला.

सावध_श्रोता
काही डिस्कवर कॉमेंट्रीचेच वेगळे सबटायटल असतात, बोलणाऱ्याच्या नावासकट. डीव्हीडीत ३२ सबटायटल ट्रॅक बसतात. मेकएमकेव्हीत इंग्रजी सबटायटल दोन दिसत असतील तर दोन्हींवर टिक करा आणि दुसरा लावून बघा. हे सबटायटल अक्षरांचे नसून चित्रांचे असतात, काही टीव्ही ते दाखवत नाहीत. तसं झालं तर फाईल लॅपटॉपवर व्हीएलसीत लावा.

आवाज वाढतो कारण टीव्ही ५.१ ट्रॅक दोन स्पीकरवर उतरवताना एकूण पातळी खाली आणतो. कॉमेंट्री आधीच स्टीरिओ, तिला ती कात्री लागत नाही. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' असेल तर चालू करा, नाहीतर ट्रॅक बदलताना रिमोट हातात ठेवा.

रिमोटकुठेय
सबटायटल दोन आहेत, दुसऱ्यात नावं येतायत. टीव्हीवरच दिसतंय. बाकीच्या डिस्क उद्या काढतो. धन्यवाद सगळ्यांना.

अवांतरकर
तो नवा धागा काढा की, अभ्यासक विरुद्ध कलाकार. इथे अर्धवटच राहिलं.