एकच हॉल, १२,००० पुस्तकं आणि तीन तऱ्हेचे वाचक, मांडणी कशी करावी?

कोपऱ्यातली_खुर्ची:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या सार्वजनिक वाचनालयाला नवी जागा मिळाली, पहिल्या मजल्यावर एकच लांबट हॉल, ६० बाय ३० फूट, एका लांब बाजूला ओळीने खिडक्या, समोरची भिंत सलग, जिना आणि लिफ्ट एका टोकाला. पुस्तकं १२,००० च्या आसपास. मी समितीत सगळ्यात नवा म्हणून इंटिरियरचं काम माझ्या गळ्यात पडलंय, अनुभव शून्य. डिझायनरने थ्रीडी चित्र दाखवलं, छतापर्यंत रॅक, त्यांना शिडी, वरून लोंबते दिवे, समितीतले सगळे बघताक्षणी खूश. मला मात्र तीन प्रकारची माणसं दिसतायत, सकाळी पेपर वाचायला येणारे ज्येष्ठ, शाळा सुटल्यावर येणारी पोरं आणि दिवसभर अभ्यासाला बसणारे, आणि आत्ता जुन्या जागेतसुद्धा या तिघांची रोज भांडणं असतात. तर रॅक लोखंडी घेऊ की लाकडी, रंग कुठला, आणि ते चाकांवर सरकणारे कॉम्पॅक्टर घेतले तर जागा वाचेल का?

आडवा_पिलर:
रंगाचं नंतर बघू. पहिला मजला म्हणालात ना, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, डिझायनरला नाही. पुस्तकं भयंकर जड असतात हो, तीन फुटी खण गच्च भरला की वीसेक किलो सहज होतात, असे दहा-बारा खण एका दुतर्फी रॅकमध्ये, आणि असे रॅक ओळीने. अमेरिकन बांधकाम-नियमांत वाचायच्या खोलीसाठी चौरस फुटाला ६० पाउंड म्हणजे २७ किलो धरतात आणि पुस्तकांच्या रॅकच्या जागेला १५० पाउंड, म्हणजे ६८ किलो. अडीचपट! ऑफिस म्हणून बांधलेल्या स्लॅबवर हे चालेलच असं नाही. कॉम्पॅक्टरमध्ये तर मधल्या वाटाच गायब होतात, सगळं वजन एका जागी गोळा, तिथे साध्या रॅकच्या दुपटीपर्यंत लोड धरतात. त्यामुळे कॉम्पॅक्टर घ्यायचाच तर तळमजल्याला. शिवाय दोन वाचक एकाच वेळी आले की एकाने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं, ते स्टोअरमध्ये ठीक आहे, लोकांनी चाळायच्या पुस्तकांना नाही.

आणि छतापर्यंतच्या रॅकचं, स्प्रिंकलर (आग लागली की छतातून पाणी फवारणारे) असतील तर त्यांच्या खाली १८ इंच मोकळे सोडावे लागतात, नाहीतर पाणी पसरतच नाही. हे त्या चित्रात दाखवलंय का विचारा.

देवघेव_काउंटर:
मी ग्रंथपाल आहे, बरीच वर्षं झाली, दोन वेळा जागा बदललीये, तर थोडा हिशोब करून दाखवते. तीन फुटी खणात २४-२५ पुस्तकंच धरायची, गच्च भरायची नाहीत, पाव जागा रिकामी ठेवायची, नाहीतर मधल्या एका विषयाची दहा पुस्तकं नवी आली की पुढची अख्खी ओळ सरकवत बसा. (ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन १९३१ मध्ये सांगून गेलेत, ग्रंथालय वाढती संस्था आहे, पण फर्निचर करणाऱ्याला ते कोण सांगणार.) म्हणजे १२,००० ला ५०० खण. पाच खणी दुतर्फी रॅक घेतले तर ५०. रॅकची जाडी आणि साडेतीन फुटाची वाट धरून प्रत्येकाला साडेसोळा चौरस फूट, झाले सव्वाआठशे, वर आडव्या वाटा. तुमचे १८०० मधले निम्मे पुस्तकांतच गेले आणि माणसं अजून बसलीच नाहीत!

म्हणून आधी निर्लेखन करा, म्हणजे नको ती पुस्तकं नोंदीतून काढून टाका. कितीतरी वर्षं कोणी हात न लावलेली, पानं सुटलेली, एकाच पुस्तकाची चौथी प्रत, असं निघतंच. समजा ३,००० निघाली, हजारभर कायम लोकांच्या घरी असतात, म्हणजे जागा ८,००० चीच लागते. सलग भिंतीला उंच रॅक लावा आणि मध्ये छातीच्या उंचीचे, म्हणजे काउंटरवरून अख्खा हॉल दिसतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण रात्री आठला एकटी बाई ड्यूटीवर असते, सहा फुटी रॅकच्या मागे काय चाललंय ते तिला कळत नाही.

आणि सगळ्यात खालचा खण. माझे गुडघे साक्षीला आहेत. जमिनीलगतच्या खणातलं पुस्तक शोधायला ज्येष्ठ वाचक वाकत नाहीत, ते सरळ म्हणतात नाहीये. शक्य असेल तर तो खण रिकामा सोडा, नाहीतर थोडा वर तिरका करून घ्या म्हणजे उभ्याने नावं वाचता येतात. साडेतीन फुटाची वाट मी उगाच नाही धरली, व्हीलचेअरला कमीत कमी तीन फूट लागतातच, आणि रांगेच्या टोकाला वळायला पाच फुटांचं वर्तुळ.

शांतता_राखा:
भांडणांबद्दल कोणी बोललंच नाही. आवाज पाण्यासारखा असतो, पाटी लावून थांबत नाही, त्याला उतार द्यावा लागतो. दाराशी गडबड, टोकाला शांतता. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या ओडी (Oodi) वाचनालयात (डिसेंबर २०१८ ला उघडलं) हेच मजल्यांवर केलंय, खाली येजा आणि गप्पा, मधल्या मजल्यावर स्टुडिओ, थ्रीडी प्रिंटर वगैरे, आणि पुस्तकं सगळ्यात वर. तुमच्याकडे मजले नाहीत, लांबी आहे, तर तेच आडवं करा. लिफ्टपाशी काउंटर, मग मुलं, मग पेपरवाले, मग रॅक, आणि पार शेवटी अभ्यासिका. पुस्तकं आवाज बऱ्यापैकी खातात, त्यामुळे मधले रॅक फुकटची भिंत होतात. छताला आवाज शोषणाऱ्या टाइल्स लावा, चकचकीत फरशी टाळा. मी ज्या वाचनालयात अभ्यासाला जायचो तिथे गुळगुळीत फरशी आणि लोखंडी पायांच्या खुर्च्या, एक माणूस उठला की सगळे माना वर करायचे. शेवटी आम्हीच जुने टेनिस बॉल कापून खुर्च्यांच्या पायांना लावले.

आडवा_पिलर:
मुलांना जिन्याशेजारी? पळाली की थेट पायऱ्यांवर. मला पटलं नाही.

देवघेव_काउंटर:
पटायला हवं, फक्त जिना आणि मुलं यांच्या मध्ये काउंटर आडवा पाहिजे. मुलांना टोकाला ठेवलंत तर ती रोज अभ्यासिकेतून धावत जातील, ते जास्त वाईट. हां, कठडा मात्र बघून घ्या.

कोपऱ्यातली_खुर्ची:
बापरे, मी रंग विचारायला आलो होतो. इंजिनिअरची वेळ घेतली. पण समितीला ते चित्र इतकं आवडलंय की छतापर्यंतचे रॅक काढा म्हटलं तर मी खलनायक होणार, काय सांगू त्यांना?

शांतता_राखा:
चीनमधल्या तिआनजिनचं बिनहाई वाचनालय दाखवा, २०१७ चं. लाटांसारखे छतापर्यंत खण, फोटो जगभर फिरले. पण वरच्या खणांपर्यंत कोणाला पोचताच येत नाही, म्हणून तिथे खरी पुस्तकं नाहीत, पत्र्यावर पुस्तकांची चित्रं छापून लावलीयेत. चित्रच लावायचं असेल तर भिंतीवर कागद चिकटवा म्हणावं, शिडीचा खर्च तरी वाचेल.

आडवा_पिलर:
दिव्यांचं राहिलं. मधले रॅक खिडक्यांना काटकोनात लावा, उजेड वाटांमध्ये शिरतो, समांतर लावले तर पहिली रांग सगळा उजेड अडवते. टेबलं खिडकीशी, पण पश्चिमेचं ऊन येत असेल तर पडदे हवेतच, नाहीतर डोळे दिपतात आणि पुस्तकांचे कणे पांढरे पडतात. टेबलावर ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक), रॅकच्या उभ्या बाजूवर २०० तरी. आणि ट्यूबच्या रांगा वाटांच्या बरोबर वर घेऊ नका, रॅकला आडव्या घ्या, म्हणजे उद्या रॅक फूटभर सरकवला तरी अंधार होत नाही. सॉकेट प्रत्येक टेबलाला द्या, नाहीतर सगळे एकाच खांबाभोवती गोळा होतात.

देवघेव_काउंटर:
आणि ऑर्डर द्यायच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये खडूने सगळं खऱ्या मापात आखा. पुस्तकांची ट्रॉली घेऊन आतून फिरा, चार नेहमीच्या वाचकांना बोलवा आणि काही न बोलता बघत उभे राहा.

कोपऱ्यातली_खुर्ची:
अपडेट. इंजिनिअर म्हणाले भिंतीलगत उंच रॅक चालतील, मधले कमी उंचीचेच ठेवा, कॉम्पॅक्टर विसरा. बिनहाईचं ऐकून समितीत हशा पिकला आणि शिडी गेली. काल खडूने आखलं. ट्रॉली दुसऱ्याच वळणावर अडकली, आडवी वाट वाढवली. पेपरच्या टेबलापाशी आमचे एक नेहमीचे आजोबा खडूच्या चौकोनात खुर्ची ओढून बसले, इकडे तिकडे बघितलं, आणि म्हणाले, सगळं छान आहे रे, पण काठी कुठे टेकवू? आता सुताराला टेबलाच्या कडेला खाच पाडायला सांगतोय, किती रुंद ठेवू?

देवघेव_काउंटर:
दोन इंच. आणि एक नाही, प्रत्येक खुर्चीला.