सूत्राचा ‘विषय’, ‘कर्ता’ की ‘उद्देश्य’?

रेघोटी:
बीजगणितात एक सूचना हमखास येते: सूत्राचा सब्जेक्ट बदला. म्हणजे व = म × द × क ÷ १०० (सरळव्याज, मुद्दल, दर, मुदत वर्षांत) दिलं असेल तर त्यावरून म = १०० × व ÷ (द × क) लिहायचं. मराठीत याला कुणी ‘विषय बदला’ म्हणतं, कुणी ‘कर्ता बदला’. ‘विषय बदला’ वाचलं की कुणीतरी अडचणीचा प्रश्न टाळतंय असं वाटतं. नेमका शब्द कोणता?

अंशछेद:
‘विषय’ नकोच. हा सब्जेक्ट व्याकरणातला आहे, शाळेच्या वेळापत्रकातला नाही. सूत्र हे एक वाक्य असतं: ‘व्याज म्हणजे मुद्दल, दर आणि मुदत यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग.’ वाक्य व्याजाबद्दल बोलतंय, म्हणून व्याज हा कर्ता. घरातल्या कर्त्या माणसासारखा एकटा पुढे उभा, बाकी सगळे पलीकडे.

वाक्यपृथक्करण:
‘कर्ता’ कानाला बरा, व्याकरणात लंगडा. मराठीत कर्ता म्हणजे क्रिया करणारा. ‘रामाने आंबा खाल्ला’ यात क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं, तरी कर्ता रामच. प्रयोग बदलला तरी कर्ता बदलत नाही, आणि आपल्याला तर तो बदलायचाच आहे! शिवाय सूत्रात कुणी काही करत नाही, नुसतं ‘बरोबर’ आहे. ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य आणि जे बोललं ते विधेय, ही जोडी इथे चपखल बसते. डावीकडे उद्देश्य, उजवीकडे विधेय.

याचा उपयोग नुसता शब्दापुरता नाही. य = (२क्ष + ३) ÷ (क्ष − १) यात क्ष ला उद्देश्य करायचं आहे. छेदाने गुणलं की य(क्ष − १) = २क्ष + ३. इथून पुष्कळजण क्ष = (२क्ष + ३) ÷ य + १ असं लिहून पेन खाली ठेवतात. विधान खोटं नाही, पण उद्देश्य विधेयातही शिल्लक आहे. ‘मुद्दल म्हणजे मुद्दलातून अमुक वजा’ असं सांगण्यासारखं झालं ते. क्ष असलेली सगळी पदं एका बाजूला आणायची आणि क्ष सामाईक काढायचा:

यक्ष − य = २क्ष + ३
यक्ष − २क्ष = य + ३
क्ष(य − २) = य + ३
क्ष = (य + ३) ÷ (य − २), य ≠ २

(पहिल्या ओळीतला यक्ष कुबेराच्या दरबारातला नव्हे, य गुणिले क्ष.) पडताळा: क्ष = २ घेतला तर य = ७, आणि उलट १० ÷ ५ = २. शेवटची अट खोडू नका. य ची किंमत २ करणारा क्ष मुळात अस्तित्वातच नाही.

अंशछेद:
तर्क मान्य. पण ‘उद्देश्य’ छापलं की निम्मे वाचक ‘उद्देश’ वाचणार आणि सूत्राचा हेतू शोधत बसणार. वर्गात ‘कर्ता’च चालू द्यावा, असं माझं मत. मात्र ‘म ची किंमत काढा’ हे त्याला पर्याय म्हणून वापरू नये. किंमत म्हटलं की आकडा अपेक्षित असतो. व = १२००, द = ८, क = ३ दिले तर म = ५००० ही किंमत. आकडे नसतील तर ‘म हा व, द, क यांच्या रूपात मांडा’ असं म्हणावं.

रेघोटी:
आणि ‘पक्षांतर’? ‘पद इकडून तिकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं.

वज्राभ्यास:
पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं, हे महाराष्ट्रात वेगळं शिकवावं लागत नाही. गंमत सोडा, पण या शब्दाने जितकं नुकसान केलंय तितकं ‘विषय’ने केलेलं नाही. −३क्ष = १२ यात −३ पलीकडे नेताना कुणी १२ + ३ करतं, कुणी चिन्ह ‘बदलून’ १२ ÷ ३ = ४ लिहितं. खरं उत्तर −४. बेरजेने जोडलेलं पद आणि गुणाकाराने चिकटलेला सहगुणक यांत ‘पक्षांतर’ हा शब्द फरकच करत नाही. मुळात पद कुठे जात नाही. दोन्ही बाजूंतून तेच वजा होतं, किंवा दोन्ही बाजू त्याच संख्येने भागल्या जातात. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या बीजगणितातही दोन पक्ष तुल्य मानून टाकणं, मिळवणं, गुणणं, भागणं अशाच क्रिया आहेत. दोन्ही पक्षांतून समान राशी काढून टाकण्याला ‘समशोधन’ असा सुरेख शब्द आहे. तो परत आणावा.

यानंतर क्रमाची चूक. तापमानाचं फॅरनहाइट-सेल्सियस सूत्र घ्या: फॅ = (९ ÷ ५) × से + ३२. से वर आधी गुणाकार झाला, मग ३२ मिळवले. सोडवताना उलट: आधी ३२ काढायचे, मग ५/९ ने गुणायचं. हातातल्या बांगड्यांसारखं, शेवटी चढवलेली आधी उतरते. से = (फॅ − ३२) × ५ ÷ ९. अंगाचा ताप ९८.६ घातला तर ६६.६ × ५ ÷ ९ = ३७. कंस विसरून ९८.६ × ५ ÷ ९ − ३२ केलं तर साधारण २२.८ येतं, माणूस थंडगार. आधी भागायचंच असेल तर ३२ सकट सगळ्या पदांना भागा, उत्तर तेच येईल.

अंशछेद:
वर्ग करतानाही तोच घोटाळा. लंबकाचा आवर्तकाल (एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) आ = २ × पाय × √(ल ÷ ग); पाय म्हणजे π, ल लांबी, ग गुरुत्व त्वरण. यातून ग काढताना मुळाचं चिन्ह घालवायला वर्ग करतात आणि २ × पाय तसाच राहतो. (दोन पाय बाहेरच राहिले, असं म्हणू.) वर्ग अख्ख्या बाजूचा होतो: आ² = ४ × पाय² × ल ÷ ग, म्हणून ग = ४ × पाय² × ल ÷ आ². लांबी १ मीटर, आवर्तकाल २.००६ सेकंद घातला तर ग ९.८१ येतो. बाहेरच्या गुणकाचा वर्ग विसरलात तर १.५६, म्हणजे जवळजवळ चंद्रावरचा. उत्तर अगदीच अशक्य दिसत नाही, म्हणून ही चूक नजरेतून सुटते.

वर्ग घालवून मूळ काढताना ± लिहायचं आणि मग वस्तू पाहून एक चिन्ह ठेवायचं. त्रिज्या, लांबी, काळ असेल तर धन. क्ष² = ९ मध्ये दोन्ही.

वाक्यपृथक्करण:
‘उलटा करा’ हेही घातक. विजेच्या मंडलात दोन रोध समांतर जोडले तर एकूण रोध रो साठी १/रो = १/रो₁ + १/रो₂. प्रत्येक पद उलटं करून रो = रो₁ + रो₂ लिहिणारे भरपूर. ६ आणि ३ ओहमला ९ मिळतात, खरे २. समांतर जोडलेला रोध त्यातल्या लहानापेक्षा कमीच हवा, एवढं आठवलं तरी चूक पकडली जाते. व्यस्त घ्यायचा तो अख्ख्या बाजूचा, म्हणून आधी छेद समान करून उजवीकडे एकच अपूर्णांक करा: (रो₁ + रो₂) ÷ (रो₁ × रो₂). मग तो उलटवा. ‘उलटा करा’ ऐवजी ‘बाजूचा व्यस्त घ्या’ लिहिलं तर निदान कशाचा, हा प्रश्न तरी पडतो.

रेघोटी:
मग सूचना अशी लिहितो: ‘पुढील सूत्रांत कंसातील अक्षर कर्ता करून सूत्र पुन्हा मांडा. ते अक्षर उजव्या बाजूला राहता कामा नये.’ ‘पक्षांतर करून’ गाळलं.

वज्राभ्यास:
‘अक्षर’ नको, ‘चल’ (किंमत बदलू शकणारी राशी) लिहा. नाहीतर कुणीतरी पाय ला कर्ता करून दाखवेल.