पुरानंतर चिऱ्याच्या भिंतींना लोणा

जुनंघर_चिपळूण: 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या माजघरात छातीपर्यंत पाणी होतं. गाळ काढला, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती धुतल्या, दिवाळीआधी रंगही झाला. आता बरोबर तेवढ्याच उंचीपर्यंत पोपडे सुटतायत, खाली क्षारांची पांढरी भुकटी (लोणा) पडते. रंगारी म्हणतो, वॉटरप्रूफ पुट्टी मारू. मारू का?

गवंड्याचा_नातू: अजिबात नको! ओल आत कोंडेल आणि क्षार पुट्टीसकट पापुद्रा ढकलतील. पुराच्या खुणेच्या हातभर वरपर्यंत गिलावा खरवडून चिरा उघडा करा. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडा. पाणी मारलंत तर तो विरघळून परत आत जातो. पावसाळ्यापर्यंत भिंत तशीच राहू दे. दिसेल भिकार, पण वाळेल. मग चुन्याचा गिलावा. सिमेंटचा केलात तर ओल बाहेर पडायला वाट नाही.

कोकणी_वायरमन: बुडालेले स्विचबोर्ड बदललेत ना? पाइपातल्या वायरींची मेगर टेस्टही करून घ्या, म्हणजे इन्सुलेशन शाबूत आहे का ते कळेल.

जुनंघर_चिपळूण: बोर्ड बदललेत, टेस्ट राहिली. चुन्याचं काम करणारा माणूस कुठे मिळेल?

गवंड्याचा_नातू: जुन्या देवळांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे चौकशी करा. आणि रंगाऱ्याला जूनपर्यंत चहाच पाजा.